नंबर चढतो, सुई उतरते

तुळशीबागेतल्या कुठल्याही विणकामाच्या दुकानात जाऊन नुसतं "दहा नंबर द्या" म्हणून बघा. काउंटरवरचा माणूस विचारेल, "दोरा की सुई?" सुई म्हणालात तर पुढचा प्रश्न येतो, "स्वेटरची, शिवणाची, की क्रोशाची?" क्रोशाची म्हटलं तरी सुटका नाही. स्वेटरची दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाड असते. अमेरिकी मापाची दहा नंबरची पोलादी क्रोशाची सुई सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरते, तर जपानी लेसची दहा नंबरची अवघी पाऊण मिलिमीटर. दहा नंबरचा दोरा मात्र क्रोशाच्या सुती दोऱ्यांत जाडसरच समजला जातो. एकच आकडा आणि चार वेगळ्या वस्तू! नवख्या बाईने हात जोडून टाचणकाम शिकावं, अशीच ही परिस्थिती.

तरीही हे काम शिकवणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी हेच सांगते, की नंबर वाढला की सुई बारीक होते आणि दोराही बारीक होतो. हे उलटं गणित कुठून आलं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते समजलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो, म्हणून आधी तिकडे जाऊ.

सुईच्या नंबराचं मूळ तारेत आहे. सोनाराकडे छोट्या-छोट्या भोकांची पोलादी पट्टी पाहिली असेल. जाड तार आधी मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. जितक्या वेळा ओढाल तितकी ती बारीक होत जाते, आणि जितक्या वेळा ओढली तितका तिचा नंबर. म्हणजे नंबर हा जाडीचा नव्हताच, मेहनतीचा होता. पुढे ब्रिटनमध्ये १८८४ साली या नंबरांचं, म्हणजे गेजचं, एक अधिकृत कोष्टक लागू झालं. त्यात दहा गेजची तार ३.२५ मिलिमीटरची आणि आठ गेजची चार मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. आता स्वेटरच्या सुया आठवा : दहा नंबर ३.२५, आठ नंबर ४. आपल्याकडच्या बायका हिवाळ्याच्या तोंडावर दहा नंबरच्या सुयांवर घरं घालतात, तेव्हा इंग्रजांच्या तारेच्या कोष्टकातूनच माप घेत असतात. वायरमन अजूनही "एक-अठरा वायर" म्हणतो, तेही हेच, अठरा गेजची एक तार. हार्डवेअरच्या दुकानात बांधायची तार मागा, दुकानदार गेजच विचारेल.

पोलादी क्रोशाच्या सुयांनी या कोष्टकाची दिशा घेतली, आकडे मात्र घेतले नाहीत. अमेरिकी क्रमात दोन शून्यांची सुई ३.५ मिलिमीटरची आणि चौदा नंबरची पाऊण मिलिमीटरची. सात नंबरची सुई रुमालांच्या नमुन्यांत सारखी भेटते. ती छापील कोष्टकात १.६५ असते, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या पाकिटावर सातच्या शेजारी १.५ छापलेलं आढळतं. जपान्यांचा क्रम तिसराच : शून्य म्हणजे १.७५, दोन म्हणजे १.५, चार म्हणजे १.२५, सहा म्हणजे बरोबर १, बारा म्हणजे ०.६ आणि चौदा म्हणजे अर्धा मिलिमीटर. गंमत म्हणजे लोकरीसाठीच्या जपानी सुयांचा नंबर सुईच्या जाडीबरोबर वाढतो. एकाच देशात, एकाच डब्यात दोन सुया एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या!

दोऱ्याच्या नंबराचा उगम वेगळा. तो सूतगिरणीतला. इचलकरंजी-भिवंडीकडच्या माणसाला 'काउंट' समजावून सांगावा लागत नाही. ८४० यार्डांची एक लडी. अशा किती लड्या मिळून एक पौंड वजन भरतं, तो त्या सुताचा काउंट. वीस लड्या लागल्या तर वीस काउंट, साठ लागल्या तर साठ. वजन तेच ठेवून लड्या वाढवायच्या म्हणजे सूत बारीक हवंच. क्रोशाच्या दोऱ्याने हा हिशेब उचलला, पण पुढे तो जरा सैल झाला. क्रोशाचा दोरा एकेरी सुताचा नसतो, दोन-तीन पदरांना पीळ देऊन केलेला असतो, कधी सहा पदरांचा. त्यामुळे एका कंपनीचा वीस नंबर दुसरीच्या तीसजवळ जातो. यात कोणाची लबाडी नाही. तो आकडा म्हणजे गावाच्या वेशीवरची पाटी. गाव आलं एवढं ती सांगते, घर आपलं आपणच शोधायचं.

तरी अंदाज लागतो, आणि तो दिल्याशिवाय या प्रकरणाला अर्थ नाही. दहा नंबरच्या दोऱ्याला दीड ते पावणेदोन मिलिमीटरची सुई. दोरा मऊ, फुगीर असेल तर दोनचीही चालते. वीस नंबरला सव्वा ते दीड, चाळीसला एक किंवा किंचित जास्त. साठला पाऊण ते पाऊणच्या थोडं वर. ऐंशीला ०.६ ते ०.७५, आणि शंभर नंबरचा दोरा घेऊन बसलात तर अर्ध्या मिलिमीटरची सुई, चांगला दिवा आणि घरात कोणी हाक मारणार नाही अशी दुपार, हे तिन्ही हवं. मी शंभर नंबरने एक फूल विणलं होतं. ते आंगठीच्या खड्याएवढं झालं. पुन्हा तो उद्योग केला नाही.

मिलिमीटर म्हणजे नेमकी कुठली जाडी, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. कारण क्रोशाची सुई एकसारखी जाड नसते. बारीक सुई उजेडात आडवी धरून पाहा. पुढे टोक, त्याखाली दोरा पकडणारी खाच, मग खाचेमागचा बारीक गळा. तिथून थोडी सरळ दांडी, मग हळूहळू जाड होत गेलेला भाग, अंगठा टेकायला केलेली चपटी जागा, आणि त्यापुढे मूठ. टाक्याचं माप ठरतं त्या सरळ दांडीवर. टोक फक्त दोरा आणून देतं, घर घडतं दांडीवर. आपण सुई दोऱ्यातून काढतो तेव्हा वेढा कुठवर मागे सरकतो, ते बघा. कित्येक जणी वेढा गळ्यातच ठेवून विणतात. त्यांचे टाके सुईवर लिहिलेल्या मापापेक्षा बारीकच पडणार, कारण त्या खरं तर त्याहून बारीक सुईने विणतायत. काही जणी उलट करतात. वेढा जाड भागापर्यंत ढकलतात आणि मग "दीडची सुई घेतली तरी काम ढिसाळ होतंय" म्हणून सुईवर खापर फोडतात.

बारीक सुयांत ही सरळ जागा फार थोडी असते, जेमतेम काही मिलिमीटर. साधे खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, विणताना ती पुरते. पण सुईला दहा-बारा वेढे घेऊन एकदम ओढून काढायची गाठ असेल तर दांडी उतरती असलेली सुई दगा देते. मागचे वेढे मोठे, पुढचे लहान. ओढायला गेलं की अडकतात, आणि मग आपण ते नखाने एकेक करून पुढे सरकवत बसतो.

खाच तपासायची रीत सोपी आहे. दोरा खाचेत ठेवायचा आणि बाजूने बघायचं. तो खाचेत पूर्ण बसला पाहिजे, वर डोकावता कामा नये. डोकावला तर सुई बारीक आहे. पुढच्या खांबाला ती दोऱ्याचे दोनच पदर पकडेल आणि तिसरा सोडून देईल. काम उलगडून पाहिलं की अशा ठिकाणी कापसाची बारीक लव उठलेली दिसते. याउलट दोरा खाचेत हिंदकळत असेल तर सुई जाड आहे. टाका पडतो, पण त्याच्या आरपार चारी बाजूंनी उजेड दिसतो, आणि धुतल्यावर रुमाल ओल्या कागदासारखा लुळा पडतो. मग खळ घालून तो उभा करावा लागतो. खळ हा रुमालाचा शृंगार असावा, कुबडी नव्हे.

टोकाबद्दल एक गोष्ट. ब्लाउजवर आरी वर्क करणाऱ्यांची सुईही टोकाला आकडी असलेलीच असते, पण तिचं टोक तीक्ष्ण, कारण तिला कापड भेदायचं असतं. क्रोशाच्या सुईला काही भेदायचं नसतं. तिने दोऱ्यांच्या मधून जायचं, दोऱ्यातून नाही. म्हणून टोक गुळगुळीत आणि गोलसर हवं. तरी फार घट्ट विणणाऱ्यांना जरा निमुळतं टोक बरं पडतं, नाहीतर आधीच्या फेरीच्या टाक्यात सुई शिरतच नाही.

इथे हाताचा प्रश्न येतो. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. पैशाच्या बाबतीत आपण हेच म्हणतो आणि विणकामातही हेच, पण दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मी चार काटकसरी बायकांचे सैल रुमाल पाहून सांगते. एकाच दोऱ्याने, एकाच सुईने, एकाच नमुन्यावर दोघींनी विणलं तर एकीची बशी होते आणि दुसरीचं ताट. नमुन्यात छापलेली सुई ही नमुना लिहिणारीच्या हातासाठी असते. तुमच्या हातासाठी ती अंदाज फक्त. हात घट्ट असेल तर एक माप जाड, सैल असेल तर एक माप बारीक. हे कळायला एकच रस्ता, नमुन्याचा तुकडा. दहा सेंटीमीटर औरसचौरस विणायचा, धुवायचा, सुकवायचा, इस्त्री करायची आणि मग मोजायचा. न धुता मोजलेल्या तुकड्याचा काही उपयोग नाही, सुती दोरा पहिल्या पाण्यात आपला स्वभाव दाखवतो.

मी हे सांगते कारण मी एकदा हे केलं नाही. बहिणीच्या रुखवतासाठी तोरण विणत होते. जाळीचं काम होतं, रिकाम्या आणि भरीव चौकटींनी चित्र काढायचं. मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना कमळं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे विणत जायचं, एकूण एकशेसाठ ओळी, आणि ऐंशीव्या ओळीवर गणपतीचा मध्य. तिथवर काम छान झालं आणि सुई एस्टीत हरवली. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याच नंबरची सुई आणली, वेगळ्या कंपनीची. हातात घेतल्यावर काही वेगळं वाटलं नाही. तोरण पूर्ण झालं, धुतलं, टेबलावर पसरलं, तर गणपती डावीकडे सरकलेला! टेप लावला. पहिल्या ऐंशी ओळी ४४ सेंटीमीटर, नंतरच्या ऐंशी ४८. सगळं तोरण ९२ सेंटीमीटर, मध्य ४६ वर, आणि गणपती ४४ वर. दोन सेंटीमीटर काय ते! पण दारावर लावल्यावर येणारा प्रत्येक पाहुणा मान तिरकी करून तोरणाकडे बघायचा. जुनी सुई पुढे पिशवीच्या अस्तरात सापडली. एका वर्कशॉपमधल्या ओळखीच्यांकडून दोन्ही सुया व्हर्निअर कॅलिपरने मोजून घेतल्या. पहिली दीड, दुसरी १.६५. नंबर दोन्हींवर तोच. तेव्हापासून मी नंबर वाचत नाही, मिलिमीटर वाचते, आणि सुरू केलेल्या कामाची सुई कामातच अडकवून ठेवते, काम संपेपर्यंत.

आता गोल रुमालाचं गाऱ्हाणं. गोल रुमाल मध्ये खोलगट होऊन वाटीसारखा झाला की बहुतेक जणी सुई बदलायला जातात. थोडी भूमिती बघा. प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या फेरीच्या उंचीइतकी वाढते आणि परीघ त्याच्या ६.२८ पट वाढतो. फेरी अर्धा सेंटीमीटर उंच असेल तर परीघ ३.१४ सेंटीमीटरने वाढायला हवा. तेवढी रुंदी नव्या खांबांनी भरून काढायची. म्हणून साध्या खांबांत दर फेरीला साधारण बारा टाके वाढवतात आणि मुक्या खांबांत सहाच. मुका खांब बुटका असतो. वाढ कमी पडली तर कडा आत ओढल्या जातात आणि वाटी होते, जास्त झाली तर झालर. आता सुई बदलली तर काय होईल? जाड सुईने खांब उंच होतो, पण रुंदही तेवढाच होतो. प्रमाण तेच राहतं. म्हणजे छोट्या वाटीची मोठी वाटी. खरा दोष बहुतेकदा वेढा वर ओढण्यात असतो. खांबाचा पहिला वेढा काढताना सुई उंच उचलायची सवय असेल तर खांब उंच होतो, रुंद होत नाही. तो हाताचा रोग आहे, त्यावर सुईचं औषध चालत नाही. आकाराच्या बाबतीत सुई बदलून एकच गोष्ट खरोखर सुधारते, ती म्हणजे पायाची साखळी. साखळी घट्ट पडून कड आखडत असेल तर ती एक माप जाड सुईने घालावी आणि पहिल्या ओळीपासून नेहमीच्या सुईवर यावं.

दोऱ्याच्या जातीनेही हिशेब बदलतो. इंग्लंडमधल्या जॉन मर्सरने १८४४ साली सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला आणि त्यातून पुढे चकाकणारा, मर्सराइझ केलेला दोरा आला. हा दोरा गुळगुळीत असतो. पोलादी सुईवरून सरसर निसटतो, म्हणून त्याला खोल खाचेची सुई बरी. बिनचकाकीचा, लव असलेला दोरा सुईला धरून राहतो. त्याला उथळ खाच चालते, पण सुई अगदी गुळगुळीत असावी लागते.

दोन जाडीचे दोरे एकत्र येतात तेव्हा काय करायचं, याचं उत्तर आयर्लंडमधल्या बायकांनी देऊन ठेवलंय. १८४५नंतर तिथे बटाट्याचं पीक सलग कुजलं आणि मोठा दुष्काळ पडला. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात पाद्र्याची बायको कॅसँड्रा हँड हिने १८४७च्या सुमारास गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवायला सुरुवात केली. लेस विकून घरं चालली. पोलादी सुया विकत घेणं सगळ्यांना परवडायचं नाही. शिवणाच्या सुईचं नेढं वरून मोडलं की अर्धं उरलेलं नेढं आकड्यासारखं होतं. ती सुई बुचात किंवा लाकडात खोचली की मूठ तयार. या आयरिश लेसमध्ये फुलं, पानं उठावदार दिसावीत म्हणून आत जाड दोरी धरून तिच्यावरून बारीक दोऱ्याने मुके खांब विणतात. सुई बारीक दोऱ्याच्या मापाची घेतात, दोरीच्या नाही. दोरी सुईच्या खाचेत जातच नाही, ती फक्त पोटात राहते. त्यातली क्लोन्स गाठ तर वर सांगितलेल्या दहा-बारा वेढ्यांच्या गाठीचीच चुलत बहीण. मोडलेल्या नेढ्याची सुई तिथे उपयोगी पडत असणार, कारण शिवणाची सुई बराच पल्ला एकसारखी बारीक असते.

आपल्या देशात आंध्रातल्या पश्चिम गोदावरीकडच्या नरसापूर भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस आणली आणि तिथल्या बायकांनी ती परदेशी बाजारासाठी विणली. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ साली 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. दिवसभर विणणाऱ्या या बायकांना कोणी कामगार म्हणत नव्हतं, त्या 'घरी बसून फावल्या वेळात' काहीतरी करणाऱ्या गृहिणी समजल्या जात, हे तिने दाखवलं. बारीक सुईचा विचार मी करते तेव्हा हेही आठवतं. एका वीतभर रुमालात दहा नंबरच्या दोऱ्यापेक्षा चाळीसच्या दोऱ्याचे टाके कितीतरी जास्त. आडवे वाढतात, उभेही वाढतात, एकूण दुपटीच्याही वर जातात. भाव दुपटीच्या वर जातो का, हे कुठल्याही प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहून विचारा.

देखभालीचं थोडक्यात. कोकणात, गोव्यात दमट हवेत पोलादी सुया गंजतात, आणि गंजाचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून जाता जात नाही. घाम पुसून, सुकवून, फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. गंजाचा ठिपका आलाच तर अगदी बारीक पॉलिशपेपरने काढावा, पण सरळ दांडीवर जपून. घासून घासून तिथली जाडी उतरली की मग पुन्हा तोरणाचा गणपती सरकायचा. सुयांच्या मुठींना नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवण्याची युक्ती मला आवडते : लाल म्हणजे दीड, हिरवा सव्वा, निळा एक. छापलेले आकडे वापराने पुसतात, नेलपॉलिश पुन्हा लावता येतं.

माझ्या डब्यात एका सुईवर ना आकडा, ना ठिपका. मुठीला सुतळी गुंडाळलेली, लाखेने चिकटवलेली. आजीची. ती कुठून आणली, हे कोणाला माहीत नव्हतं. तोरणाच्या सुया मोजायला नेल्या तेव्हा हीही बरोबर नेली. कॅलिपरवर बरोबर दोन मिलिमीटर. वर्कशॉपमधल्या त्या गृहस्थांनी ती चिमटीत फिरवली, सुतळीखालचं टोक बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "वहिनी, ही सायकलची स्पोक आहे. खाली आट्यांची खूण लागतेय बघा." चौदा गेजची तार. खाच कानशीने काढलेली, किंचित तिरकी. दहा नंबरचा मऊ दोरा त्या तिरक्या खाचेत असा बसतो की दुकानातून आणलेल्या माझ्या कुठल्याच सुईत तसा बसत नाही.